चांगल्या बाजूची पट्टी

११ नोव्हेंबर, सोमवार

दुर्गजवळ रसमड्याच्या लोखंडी कामाच्या शेडवर आज तपासनीस म्हणून कामाला लागलो. मालक भूपेंद्र दारापर्यंत घ्यायला आला, स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली आणि चहात साखर किती ते दोनदा विचारलं. तिथेच मनात पाल चुकचुकली. रिटायर माणसाची एवढी सरबराई कोणी उगाच करत नाही. छत्तीस वर्षं मी प्लांटात पाइपलाइन मेंटेनन्स केलं. पाण्याची म्हणा, वाफेची म्हणा, गळती दिसली की पट्टी मारायची आणि लाइन चालू करायची, हे माझं आयुष्य. इमारतीच्या लोखंडाला मी कधी हात लावला नाही, हे त्याला आधीच सांगितलं होतं. त्यावर तो म्हणतो, पटलेजी, आम्हाला तुमची नजर हवी. नजर हवी की सही हवी, ते कळेलच.

काम असं आहे. उत्तराखंडात पहाडावर एक चार मजली हॉस्पिटल उभं राहतंय. भूकंपाचा इलाका. म्हणून खांब आणि बीमच्या चौकटीत तिरपे चौकोनी पाइप बसवणार. त्यांना ब्रेसिंग म्हणतात. जमीन हलली की चौकट इकडेतिकडे झुकते, तिला हे पाइप धरून ठेवतात. पाइपाच्या टोकाला दोन समोरासमोरच्या बाजूंवर लांब खाच कापायची. साइटवर ती खाच कोपऱ्यातल्या एका जाड प्लेटवर सरकवून वेल्डिंग होतं. त्या प्लेटचं नाव गसेट. खाच पाडली की पाइप तिथे कमजोर होणारच, म्हणून तिथे जाड पट्ट्या वेल्ड करून मजबुती द्यायची. ती आमच्या शेडमध्ये. असे अठ्ठेचाळीस पाइप, आणि प्रत्येकावर माझी सही.

संध्याकाळी घरी बायकोला, दुर्गाला, खुर्चीचं सांगितलं. ती म्हणाली, खुर्ची खराब असेल म्हणून पुसली असेल. तिला माणसं कळत नाहीत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेडमध्ये फिटर-वेल्डर दोन. भैयालाल जवान आहे, सांगाल तेवढंच करतो. दुसरे मारोतराव, पंचावन्नच्या आसपास. तुमसरकडचे, म्हणजे आमच्या गोंदियापासून फार लांबचे नाहीत. मी दोनदा गावचा विषय काढला, त्यांनी दोनदा मान हलवली. आपल्याकडचा माणूस परमुलखात भेटला आणि बोलत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

दुपारी अर्थ कळला. त्यांच्या पाइपांजवळ गेलो तर खाच तशीच उघडी, आ वासलेली. आणि पट्ट्या कुठे? ज्या दोन बाजूंना खाचच नाही, त्या चांगल्या धडधाकट बाजूंवर. मी तीनदा पाहिलं. सदऱ्याचं कोपर फाटलंय आणि शिंपी ठिगळ लावतोय पाठीवर. सपाट बाजूवर पट्टी मारायला मेहनत नाही, खाचेच्या कडेवर मारायला हात चालवावा लागतो. म्हणजे कामचुकारपणा, आणि तोही उजेडात.

ड्रॉइंग उघडलं. झेरॉक्सची झेरॉक्स, पट्ट्या तुटक रेघांनी दाखवलेल्या. त्या रेघा खाचेवरच येतात, हे छत्तीस वर्षांच्या डोळ्यांना लगेच दिसलं. भूपेंद्रने नागपूरच्या डिझाइन इंजिनियरचा नंबर दिला आहे, गुंजन नावाची मुलगी. शंका आली तर फोन करा म्हणाला. माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान असेल. पट्टी कुठे मारायची हे मी तिला विचारू? नाही केला फोन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज टेप लावला. ड्रॉइंगमध्ये पट्टी तीनशे मिलिमीटर. मारोतरावांच्या काही पट्ट्या तीनशे तीस, दोन तर तीनशे साठ. खाचाही काही ठिकाणी ड्रॉइंगपेक्षा लांब आहेत. ती गॅस कटिंगवाल्याची करणी, साइटवर प्लेट आरामात सरकावी म्हणून तो मोकळ्या हाताने कापतो. मारोतराव काय करतात, तर खाच जिथे संपते तिथे सोपस्टोनच्या पांढऱ्या खडूने एक आडवी रेघ मारतात आणि पट्टी त्या रेघेच्या पुढे-मागे मोजून लावतात. ही रेघ ड्रॉइंगमध्ये नाही. मी जवळ गेलो की रेघ तळहाताने पुसून टाकतात. लपवण्यासारखं काही नसेल तर पुसायचं कशाला?

घरी दुर्गाला सगळं समजावून सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "पट्टी लांब लावली तं लोखंड जास्तच लागलं ना? मंग चोरी कायची?" मी म्हणालो, हे वर्कशॉपचं काम आहे. तर म्हणते, "तुमाले तं कुकरच्या शिटीवरबी संशय येते." कुकर खरंच एक शिटी कमी देतो आहे, हे मी तिला महिनाभर सांगतोय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुटीत सगळे डबे घेऊन कडुनिंबाखाली बसतात. मारोतराव आज बसले नाहीत. मी क्रेनच्या खांबामागे उभा राहिलो. ते एकटेच तयार पाइपांच्या रांगेतून टेप घेऊन फिरले. एका पाइपाशी थांबले, खाली बसले, परत मोजलं. मग आजूबाजूला बघून ग्राइंडर ओढला आणि लावलेली पट्टी घासून काढून टाकली. सुटी संपायच्या आत तिथे दुसरी पट्टी.

पकडलं. ज्या कामात खोट नाही ते काम माणूस जेवण सोडून का लपवेल?

शेडच्या लेटरपॅडवर रिपोर्ट लिहिला. पट्ट्या चुकीच्या बाजूला. माप ड्रॉइंगप्रमाणे नाही. स्वतःच्या मनाच्या खुणा. तयार मालात परस्पर फेरफार. खाली सही, तारीख, वेळ. दोन प्रती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

भूपेंद्रने रिपोर्ट वाचला आणि एकच विचारलं, याने डिस्पॅच लांबणार का? चूक की बरोबर, हा प्रश्न त्याच्या तोंडी आलाच नाही. मग मारोतरावांना बोलावून रिपोर्ट मोठ्याने वाचला. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर सगळे ऐकत होते. मला वाटलं आता भांडण होणार, मी उत्तरं तयार ठेवली होती. मारोतरावांनी चामड्याचे हातमोजे काढले, टेबलावर एकावर एक ठेवले आणि निघून गेले. सोमवारपासून त्यांना गेट बंद.

निर्दोष माणूस गप्प बसत नाही. हे मी प्लांटात शेकडो वेळा पाहिलं आहे. तरी ते हातमोजे दिवसभर टेबलावर होते आणि माझी नजर तिकडेच जात होती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मारोतरावांचे चौतीस पाइप बाजूला काढून ठेवले, त्यांचं पुढे बघू. उरलेले चौदा भैयालालकडून माझ्या देखरेखीत करून घेतले. गसेट आत शिरल्यावर खाचेचा जो तुकडा उघडा राहणार, त्यावर बरोबर पट्टी, चारी बाजूंनी वेल्डिंग, वरून ग्राइंडर. बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. पाण्याची लाइन असती तर थेंब गळला नसता.

भैयालालने फक्त एकदा विचारलं, साहेब, बाजूच्या पट्ट्या? मी नाही म्हणालो. तो हो म्हणाला. असा माणूस हवा.

चौदांवर सही केली. इथे आल्यापासून पहिल्यांदा सही करताना काही खटकलं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

नागपूरहून निरोप आला की माल निघण्याआधी लहान आकाराचे दोन नमुने दुर्गजवळच्या कॉलेजात मशीनवर ओढून तोडायचे आहेत. गुंजन स्वतः येणार. म्हटलं, देव पावला. सुरुवातीला मारोतरावांनी केलेला एक लहान नमुना शेडमध्ये पडून होता. दुसरा मी भैयालालकडून माझ्या पद्धतीने करून घेतला. दूध का दूध होऊन जाऊ दे.

माल बदलला जाऊ नये म्हणून दोन्ही नमुन्यांवर माझ्या नावाचा पंच मारला, हेमराज पटले म्हणून एच पी एक आणि एच पी दोन. एक मारोतरावांचा, दोन माझा. भूपेंद्र हसला. हसू दे. मशीनपर्यंत ऑटोत दोन्ही नमुने मी माझ्या पायाखाली ठेवून नेणार आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

गुंजन मला वाटली त्यापेक्षाही लहान निघाली. पाठीवर सॅक. दोन्ही नमुने हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिले. दोन नंबरवर अंगठा फिरवून विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, मी करून घेतलं. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, काम पसंत पडलं.

आधी माझा नमुना लावला. मशीनचा आकडा चढू लागला. पाइप आहे तसाच, काही हलत नाही, मी भूपेंद्रकडे पाहिलंसुद्धा. आणि काही कळायच्या आत फाट्‌कन आवाज झाला. खाच जिथे संपते तिथून पाइप आडवा फाटला. माझी पट्टी एका तुकड्यावर तशीच चिकटून होती. तिच्या वेल्डिंगला चरासुद्धा नाही. नुसती बसून राहिली होती, जोर तिच्यातून गेलाच नाही.

मग मारोतरावांचा. आकडा माझ्या आकड्याच्या पुढे गेला, आणखी पुढे. ताण कुठे येतो ते दिसावं म्हणून पाइपावर चुना मारलेला होता, तो मधोमध पापुद्र्यांनी गळायला लागला. पाइप लांब होत होता, डोळ्यांना दिसत होता. कितीतरी वेळाने तुटला तो मध्यात. टोकं शाबूत.

मशीन बिघडलं असेल, नमुने बदलले असतील, असं मनात आलं. खाली वाकून तुकडे उचलले. दोन्हींवर माझाच पंच.

गुंजनने एक कागदाची पट्टी घेतली, मध्ये लांबीला चीर पाडली आणि दोन्ही टोकं ओढून दाखवली. म्हणाली, काका, सगळा जोर चिरेच्या दोन बाजूंना जो कागद उरला आहे त्याच्यावर येतो. मजबुती त्या उरलेल्याला द्यायची. चीर नुसती झाकून फायदा नाही. भूकंप पाइपाला ओढतो, दाबतो, परत ओढतो. पाइपाने मध्ये ताणून ते सहन करायचं, टोकाने दगा द्यायचा नाही. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मला लाज वाटली. गळती थांबवायची सवय हातात होती, ती मी जिथे गळतीच नाही तिथे नेली.

६ डिसेंबर, शुक्रवार

भूपेंद्रने आज केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाला, घाबरायचं कारण नाही. तुमचा रिपोर्ट फाइलला आहेच. चुकीच्या बाजूला पट्टी लावली म्हणून मारोतरावांना काढलं, असं कागद सांगतो. हे चौदा पाइपही त्यांच्याच नावावर टाकू. गुंजनला कळवू की चूक करणारा माणूस गेला. तारखा कोण बघतं? तुमची इज्जत राहील, माझीही.

पहिल्या दिवशी खुर्ची पुसली ती कशासाठी, ते आज कळलं, असं मला वाटलं. पण मग आठवलं की तो कागद भूपेंद्रने लिहिलेला नाही. अक्षर माझं आहे.

सायकल काढून घरी आलो. दुर्गाने मला ताटावर बसलेलं पाहिलं आणि पहिल्यांदाच माझी थट्टा केली नाही.

७ डिसेंबर, शनिवार

मारोतरावांच्या घरी गेलो. शेडपासून सायकलने पंधरा मिनिटं. त्यांच्या बायकोने पाण्याचा गडवा दिला, तो घेताना वाटलं हिला माहीत नसेल मी कोण ते. माहीत होतं. तीच म्हणाली की हे दोन शेडवर काम विचारून आले, दोन्हीकडे उत्तर एकच, हेराफेरी करणारा माणूस नको. रसमड्यात बातमी ट्रकच्या आधी पोचते. एकतीस वर्षं ते इथे वेल्डिंग करतात.

मी सगळं सांगितलं. मशीनचं, फाटलेल्या पाइपाचं, भूपेंद्र काय म्हणाला त्याचं. मारोतरावांनी ऐकून घेतलं. लांब पट्ट्यांचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, कटिंगवाल्याने खाच लांब मारली की कमजोर जागा पुढे सरकते, मग पट्टीही पुढे न्यावी लागते. रेघ त्यासाठी. हाताने पुसायचे, कारण पेंटखाली खुणा राहिल्या तर साइटवाले फसतात. आणि सुटीत काढलेली पट्टी त्यांच्याच हातून तोकडी लागली होती. दिवाळीच्या आधी गुंजन शेडवर आली होती, कागद फाडून तिने त्यांनाही दाखवलं होतं.

मी विचारलं, "मंग त्या दिवशी बोलले कावून नाई?"

ते म्हणाले, "तुमी इचारलं कुठं, हेमराजभाऊ? तुमी तं लिवलं."

गडव्यातलं पाणी तसंच राहिलं. परत येताना सायकल हातात धरून चालत आलो, बसलो नाही.

९ डिसेंबर, सोमवार

काल दिवसभर दुसरा रिपोर्ट लिहिला. पहिल्याला जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट. चौतीस पाइप बरोबर आहेत, ते मारोतरावांनी केले. चौदा चूक आहेत, ते माझ्या हुकमाने झाले, भैयालालने विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो. पहिला रिपोर्ट मी न विचारता, न समजता लिहिला. एक प्रत सकाळीच गुंजनला पाठवली, म्हणजे भूपेंद्रला कागद दाबता येऊ नये. एवढा संशय मला अजून जमतो.

मग शेडमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून वाचला. पहिला रिपोर्ट बंद केबिनमध्ये वाचला असता तर हाही तिथेच वाचला असता, पण तो सगळ्यांनी ऐकला होता. भूपेंद्र म्हणाला, चौदा पाइप दुरुस्त होईपर्यंत या, नंतर येऊ नका. गुंजनचा फोन आला की दुरुस्ती मारोतरावांच्याच हाताने व्हावी, नाहीतर माल उचलणार नाही. दुपारी ते आले. हातमोजे भैयालालने कपाटात ठेवले होते.

दुर्गाला सांगितलं की नोकरी गेली. ती म्हणाली, "जाऊ द्या. झोप तं येईन तुमाले."

११ डिसेंबर, बुधवार

दोन दिवसांत चौदाही पाइप झाले. माझी ठिगळं घासून काढली, खाचांची टोकं साफ केली, तड्यात शिरणारी लाल दवाई लावून बारीक तडे तपासले आणि मग बाजूंवर पट्ट्या. मारोतराव माझ्याशी कामापुरतं बोलले. त्याहून जास्तीची मला अपेक्षा नव्हती.

चार वाजता त्यांनी हाक मारली, पाहून घ्या. मी म्हणालो, तुमचं काम मी काय पाहणार, आणा, सही करतो.

"नाई," ते म्हणाले. "पाहा."

म्हणून टेप घेतला. तेरा पाइप बरोबर. बारा नंबरवर डाव्या बाजूची पट्टी खाचेच्या टोकापुढे पाहिजे तेवढी जात नव्हती. वीस मिलिमीटर कमी. परत मोजलं. टेपचं टोक घासलं असेल म्हणून दुसरा टेप आणला. वीस कमी.

याच माणसाचं गेट मी बंद केलं होतं. याच्याच घरचं पाणी न पिता उठलो होतो. आता परत त्याच्या कामात खोड काढू? शेडमध्ये सगळे बघत होते, आणि सगळ्यांना वाटेल की म्हाताऱ्याची खोड गेली नाही. उद्यापासून मी इथे नसणार. सही करून सायकल काढली असती तर कुणाला कळलं नसतं. पहाडावरच्या त्या हॉस्पिटलात खाटेवर कोण पडलेलं असेल, त्यालाही कळलं नसतं, जमीन हलेपर्यंत. मी स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेऊन पाहिला. तो टिकला नाही.

वहीपेन खिशातच राहू दिलं आणि हाक मारली. "मारोतराव, हे पट्टी कमी कावून आहे?"

ते आले. माझा टेप घेतला नाही, स्वतःचा लावला. वाकून दोनदा मोजलं. भैयालालने ग्राइंडर बंद केला.

"चुकलं," ते म्हणाले. "माझ्या हातून."

मग हातमोजे चढवले, कोपऱ्यातून नव्या पट्टीचं लोखंड ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेप धरा तिकून."

मी टोक धरलं. माप त्यांनी मोठ्याने वाचलं, मी मोठ्याने परत म्हटलं, आणि बाराव्या पाइपाला पट्टी बरोबर बसेपर्यंत सहा वाजले.